सातापर्यंत मोजायचं

यंदा ज्वारी हुरड्यात आली, पण आमच्या रानात पाखरं हाकलायचा डबा वाजला नाही. आबांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, गुडघे आता त्यांना बांधापर्यंत नेत नाहीत. म्हणून मी चमकी फीत आणून रानाच्या चारी कोपऱ्यांना ताणून बांधली. वारा सुटला की ती भुंग्यासारखी गुणगुणते आणि पाखरं बिचकून शेजारच्या रानात उतरतात. काम डब्यापेक्षा चांगलं करते, हे मान्य करायला हवं. मी मोजून पाहिलं आहे. गेल्या वर्षी बांधाकडच्या ओळीत दहातली तीन कणसं टोकरलेली होती, यंदा एक आहे. तरी परवा सकाळी गावातून, दिंद्रुडहून, शेतातल्या आखाड्यावर आलो, पाटाच्या कडेला उभा राहिलो आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की कान डब्याची वाट पाहतायत.

तीन वर्षांपूर्वीच्या सुगीत आबांचा हा डबा केनियात ऐकू जायचा.

हे वाक्य मी फुगवून लिहिलेलं नाही. आखाडा म्हणजे आमच्या शेतातली पत्र्याची खोली. पुढं लिंबाचं झाड, बाजूला विहीर. गाव खोलगट भागात असल्यानं घरात फोनची रेंज येते-जाते. आखाडा उंचावर आहे, तिथं ती पूर्ण असते. त्या हिवाळ्यात माझी बायको शोभा रोज साडेदहाला जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि फोनचं कानाला लावायचं यंत्र घेऊन तिथं यायची. साडेअकराला पहिला फोन लावायची. आपल्याकडं साडेअकरा वाजतात तेव्हा केनियात नऊ झालेले असतात आणि दुकानं उघडत असतात.

शोभा माजलगावच्या एका खाजगी मराठी शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होती. पटसंख्या घटत गेली आणि शाळा बंद पडली. शेवटच्या दिवशी ती खडूंचा अर्धा डबा आणि हजेरीची कोरी वही घेऊन घरी आली. दोन्ही कपाटात ठेवली. पुढचे सात-आठ महिने ती घरातलं सगळं करत होती, पण दुपारी चारच्या सुमाराला, शाळा सुटायच्या वेळेला, दारात येऊन उभी राहायची. मी पाहायचो. 

मग तिची एक जुनी विद्यार्थिनी, श्रुती, हिचा पुण्याहून फोन आला. ती एका छोट्या कंपनीत होती. कुणाला एखादी वस्तू परदेशात विकायची असेल, तर ही कंपनी आधी तिथल्या लोकांना फोन करून विचारते: तुम्ही काय वापरता, काय अडचण येते, असं काही मिळालं तर घ्याल का. आपल्याच भागातल्या एका कारखानदारानं ज्वारीच्या मळणीचं लहान यंत्र तयार केलं होतं आणि त्याला ते केनियात पाठवायचं होतं. श्रुती म्हणाली, बाई, तिकडं इंग्रजी चालतं आणि ज्वारी कळणारं माणूस आमच्याकडं एकही नाही.

मला हे काम फारसं पटलं नव्हतं. माझं स्वतःचं आयुष्य कृषी खात्याच्या पीक कापणी प्रयोगात गेलेलं. एका गावात पिकाचा किती उतारा आला हे ठरवायचं, तर आधी कागदावरच्या आकड्यांच्या तक्त्यातून शेत निवडलं जातं. मग त्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून इतकी पावलं लांब, इतकी पावलं आत, असं मोजून दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, कापायचं, मळायचं, तोलायचं. खुंटी जिथं येईल तिथं येईल. शेतकरी म्हणतो, सायब, जरा तिकडं सरका की. आपण सरकायचं नाही. असं हातानं तोलून मिळालेल्या आकड्यावर माझा विश्वास. फोनवरून हजारो कोसांवरच्या माणसाला विचारून काय कळणार, असं मी शोभाला म्हणालोही.

ती म्हणाली, "तुम्ही जमिनीला विचारता, मी माणसाला विचारीन. बघू कोण खोटं बोलतंय."

कामाला लागायच्या आधी तिनं आठ दिवस मोबाइलवर केनियाच्या रेडिओच्या इंग्रजी बातम्या ऐकल्या. भाकरी थापताना, भांडी घासताना, कानात त्याच. पहिल्या दिवशी तिला निम्मं कळलं नाही, हे तिनंच सांगितलं. आठव्या दिवशी ती तिथल्या हवामानाच्या अंदाजावर आबांशी चर्चा करत होती. तिकडं पाऊस वर्षातून दोनदा येतो हे ऐकून आबा तंबाखू मळता मळता थांबले आणि म्हणाले, "दोनदा? आन् आमाला एकदाच कावून?"

कामाचे नियम आले तेव्हा मात्र मी सावध झालो, कारण ते मला ओळखीचे वाटले. तिला नंबरांची यादी मिळाली होती. कितुई नावाच्या कोरडवाहू भागातली बी-बियाण्यांची आणि अवजारांची दुकानं. यादीतला नंबर बदलायचा नाही. उचलला नाही, तर पाच वेगवेगळ्या वेळांना पाच वेळा लावायचा, मगच सोडायचा. प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. स्वतःचा प्रश्न घालायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही. थोडक्यात, खुंटी जिथं येईल तिथंच ठोकायची. शोभानं एका नंबरासाठी सोमवारी सकाळी, मंगळवारी दुपारी, बुधवारी संध्याकाळी, असे पाच फोन केले आणि पाचव्याला तो उचलला गेला, तेव्हा मला मनातल्या मनात तिला सलाम करावासा वाटला. माझ्या कामात मी असे चिकाटीचे फार थोडे लोक पाहिले आहेत.

ती बोलायची तो आवाजही मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरातला नव्हे, वर्गातला. सरळ, संथ, प्रत्येक शब्द सुटा. मी रजेच्या दिवशी ज्वारी काढायला आखाड्यावर असायचो. बायकांच्या हातांचा उपटण्याचा आवाज, मुळांची माती झटकल्याचा आवाज आणि त्यावरून तिचा तो आवाज. अंगभर ज्वारीची बारीक कूस लागलेली, मानेला खाज सुटलेली आणि कानावर पत्र्याच्या खोलीतून येणारं नीटस इंग्रजी. कामावरच्या बायका आधी हसल्या, मग गप्प होऊन ऐकू लागल्या. एकीनं विचारलं, वहिनी कुनाला शिकवायल्यात? मी म्हणालो, शिकवत नाही, विचारतेय. तिला ते फारसं पटलं नाही.

आणि या सगळ्यावर आबांचा डबा. पंधरा-वीस मिनिटं झाली की आबा उठायचे आणि पाखरांवर ओरडत रिकामा तेलाचा डबा काठीनं बडवायचे. शोभानं त्यांना दोनदा विनवलं. आबा म्हणाले, "तुझं आफ्रिकेचं तू बघ, माझी पाखरं माझ्याकडं." त्यामुळं फोन चालू असताना डबा वाजायचाच. पलीकडचा माणूस हमखास विचारायचा की हा आवाज कसला. शोभा सांगायची, माझे सासरे ज्वारीवरची पाखरं हाकलतायत. आणि इथं दरवेळी एकच गोष्ट घडायची. पलीकडचा माणूस हसायचा. आमच्याकडंही हेच चाललंय, असं म्हणायचा. त्यांच्याकडं तर लहान लाल चोचीची पाखरं ढगासारखी येतात. नियमाबाहेरचा प्रश्न विचारल्याशिवाय तिला जे मिळालं नसतं, ते आबांच्या डब्यानं मिळवून दिलं. लोक फोन ठेवेनासे झाले.

प्रश्न एकंदर बावीस होते. एकवीस प्रश्नांना ठरलेली उत्तरं, फक्त खूण करायची. बाविसावा असा: या यंत्राबद्दल किंवा तुमच्या कामाबद्दल आणखी काही सांगायचं आहे का? त्याखाली चार ओळींची रिकामी चौकट.

यंत्राची जमेची बाजू चौदाव्या प्रश्नात होती. पेंढी हातात धरून फक्त कणसांकडचं टोक आत घालायचं. दाणे सुटतात आणि कडबा अखंड बाहेर राहतो. असं यंत्र तुम्ही दुकानात ठेवाल का? शोभाच्या पहिल्या बावीस फॉर्मांत एकवीस जणांनी 'हो' म्हटलं होतं. मी फॉर्म चाळले आणि माझी नजर तिथं अडली. बावीस शेतांचा उतारा सारखाच आला, तर मी तराजू तपासतो. पण प्रश्नात काय चुकलंय हे मला दिसत नव्हतं. मीही तो प्रश्न वाचला होता आणि मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. कडबा अखंड राहावा, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दाणा आम्ही खातो आणि कडब्यावर गोठा जगतो.

चूक सापडली ती आबांमुळं. दुपारी आम्ही लिंबाखाली जेवत होतो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताक. आबांनी घास थांबवून शोभाला विचारलं, "त्येंची ज्वारी किती उंच हाय?"

शोभा म्हणाली, "तसा प्रश्न नाही फॉर्मात."

"मंग कडबा कडबा काय करायलीस? उंची म्हायीत न्हाई, आन् कडब्याचं इचारती."

मी हसलो. शोभा हसली नाही. तिनं हात धुतले आणि समोरच्या रानाकडं पाहिलं. आमची दगडी वाणाची ज्वारी माझ्या डोक्यावरून वर गेली होती. प्रश्न लिहिणारा आपल्याच मातीतला. त्यानं डोळ्यांसमोर असलीच ज्वारी ठेवून प्रश्न लिहिला होता.

पण विचारणार कसं? नियम स्पष्ट होता: स्वतःचा प्रश्न घालायचा नाही. मी म्हणालो, एका वाक्यानं काय होतंय, विचारून टाक. हे मी म्हणालो. आयुष्यभर खुंटी न सरकवणारा. शोभानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आज उंची विचारीन, उद्या आणखी काही. मग ते माझे आकडे होतील, त्यांचे न्हाई."

त्या दुपारी तिनं काय केलं ते मी पाहिलं आहे. कारण मी खोलीच्या दाराशी पेंढ्या बांधत बसलो होतो. तिनं एकवीस प्रश्न वाचले. बाविसावा वाचला. पलीकडून उत्तर आलं, 'नाही, विशेष काही नाही.' इथं फोन करणारा माणूस आभार मानतो आणि पुढचा नंबर लावतो. शोभा गप्प राहिली. फोन कानाला, डोळे भिंतीवर, डाव्या हाताची बोटं एकेक करून दुमडत. मला वाटलं फोन कटला. मग तिनं वही पुढं ओढली आणि लिहू लागली. एक ओळ, दुसरी, चौथी, मग मागच्या कोऱ्या बाजूला.

संध्याकाळी मी विचारलं, हे काय होतं? ती म्हणाली, वर्गात प्रश्न विचारला की पहिल्यांदा सगळे गप्प असतात. नवीन मास्तर घाबरतो आणि स्वतःच उत्तर सांगून टाकतो. तिला तिच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, की सातापर्यंत मोजायचं. पोरं बहुतेक पाचाला बोलतात. "माणसंही पाचालाच बोलतात," ती म्हणाली. "न्हाई म्हणून झाल्यावर त्यांना आठवतं."

अशी, वहीतून उतरवत, ती चौकट भरत गेली. म्वेंडे नावाच्या एका दुकानदार बाईंनी सांगितलं ते मी शोभाच्या वहीत वाचलं आहे. त्यांच्याकडची ज्वारी कमरेएवढी, फार तर छातीएवढी. ती उपटत नाहीत. उभ्या पिकाची कणसं बायका चाकूनं कापून झोळीत टाकतात आणि मग उभ्या ताटांत, कणसं गेलेल्या धाटांत, गुरं सोडतात. पेंढी बांधतच नाहीत. मग पेंढी धरून यंत्रात घालणार काय? कणसं ताडपत्रीवर पसरून काठ्यांनी बडवायची. तीन बायका, दोन दिवस, आणि धुळीनं डोळे सुजतात. यंत्र हवं, पण ते दोन बायकांना उचलून पायवाटेनं एका वाडीतून दुसऱ्या वाडीत नेता आलं पाहिजे. मग तुम्ही चौदाव्या प्रश्नाला 'हो' का म्हणालात, असं शोभानं विचारलं नाही, विचारता येत नव्हतं. ते म्वेंडेबाईंनी आपणहून सांगितलं: इतक्या लांबून तुम्ही आमच्या कामाची चौकशी करताय, तोंडावर नाही कसं म्हणायचं?

हे वाचून मी वही मिटली. आमच्याकडंही हेच आहे. हुरड्याला आलेल्या पाहुण्याला म्हणावं, पुढच्या सालीही या. तो म्हणतो, येऊ की. त्या 'येऊ की'वर कुणी चूल मांडून ठेवत नाही. आम्हाला आमचा 'हो' ओळखता येतो, तो परक्या भाषेत आला म्हणून आकडा होऊन बसला होता.

थांबण्याची किंमत होती. कंपनीसाठी फोन करणारे बाकीचे लोक दिवसाला चौदा फॉर्म करत, शोभाचे आठ होत. ती सांगायची ते एवढंच, की आज आठ झाले. त्या दुपारनंतर यादी संपेपर्यंत तिचे आणखी शहाण्णव फॉर्म झाले. शहाण्णवच्या शहाण्णव चौकटी भरलेल्या.

ज्वारी काढून झाली होती. पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या, कणसं मोडायला बायका बसल्या होत्या, तेव्हा श्रुतीचा फोन आला. तिचा आवाज अवघडलेला होता. इतरांच्या शेकडो फॉर्मांत शेवटची चौकट कोरी होती किंवा 'काही नाही' एवढंच होतं. फक्त बाईंच्याच भरलेल्या. वरच्या साहेबांना शंका आली होती की हे घरी बसून लिहिलंय. दिंद्रुडसारख्या गावात ज्वारीविषयी चार ओळी लिहायला केनियाला फोन कशाला लागतो, असं ते म्हणाले. त्या छोट्या कंपनीत फोन टेप करायची सोय नव्हती. पद्धत अशी होती, की शंका आली तर दहा फॉर्मांमागं एका माणसाला दुसऱ्यानं पुन्हा फोन करून पडताळायचं. तोवर शोभाचं काम थांबवलं होतं. पडताळणी चुकली तर ते कायमचंच थांबणार होतं, आणि तिच्या नावापुढं खोटी माहिती असा शेरा पडणार होता.

श्रुती म्हणाली, "बाई, माझा विश्वास आहे. पण मी तुम्हाला ओळखते म्हणून तपासणी सोडली, तर ती तपासणी कसली?"

शोभा म्हणाली, "बरोबर आहे. सोडू नकोस." आणि फोन ठेवून ती बायकांच्यात कणसं मोडायला जाऊन बसली.

ते आठ दिवस मला अजून तारखेवार आठवतात. मळणीचं यंत्र आमच्या खळ्यावर आलं, धूळ उडाली, लिंबाची पानं पांढरी झाली. शोभा डोक्याला फडकं बांधून दाणे सारत होती. तळहाताला फोड आले होते, त्यावर तिनं हळद लावली होती. चार वाजता ती पुन्हा दारात येऊन उभी राहू लागली. शाळा बंद झाली ती तिच्या चुकीनं नव्हे, हे तिला ठाऊक होतं. हे काम गेलं असतं तर ते तिच्या खरेपणावर बोट ठेवून गेलं असतं.

आणि त्यातच मी ते केलं. कितवा दिवस ते सांगतो, पाचवा. ती चुलीपाशी भाकरी करत होती. मी पाटावर बसलो होतो. आकडे घरी बसून भरता येतात, हे आकड्यांच्या कामातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. शहाण्णवात शहाण्णव, हा आकडा मला चार दिवस टोचत होता. मी तिची वही पाहिली होती, ती गप्प बसून बोटं दुमडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी विचारलं, "शोभा, हे सगळं तू खरंच ऐकलंयस ना?"

तिचा हात भाकरीवर थांबला. मी वाट पाहिली. तिच्याच पद्धतीनं मनात मोजत गेलो. पाच झाले, सात झाले, दहा झाले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तशी तिनं ती उलटली.  माझ्या ताटात वाढलं, आबांच्या ताटात वाढलं. आबा सगळं ऐकत होते. ते मला म्हणाले, "तू बे लई हिशेबी झालास." एवढंच. मी मान खाली घालून जेवलो.

आठव्या दिवशी दुपारी श्रुतीचा फोन आला. शोभाचे हात दाण्यांत होते, म्हणून तिनं मला फोन आवाज मोठा करून धरायला सांगितलं. पडताळणीला निवडलेल्या दहापैकी नऊ जण सापडले होते. नऊही जणांनी फोन आल्याचं सांगितलं, आणि चौकटीतलं जवळजवळ तसंच्या तसं पुन्हा सांगितलं. श्रुतीनं स्वतः म्वेंडेबाईंना फोन केला होता. तिनं बाविसावा प्रश्न वाचला, म्वेंडेबाई म्हणाल्या, विशेष काही नाही. श्रुती आभार मानून ठेवणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, की तुमच्या त्या दुसऱ्या बाई इथं थांबल्या होत्या. तुम्ही थांबत नाही. आणि त्यांच्या सासऱ्यांची ज्वारी पाखरांनी फार खाल्ली का?

श्रुती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "बाई, सातवीत तुम्ही असंच थांबायच्या. मला तेव्हा तुमचा लई राग यायचा."

शोभा हसली. दाण्यांत कोपरापर्यंत हात, भुवयांवर धूळ, आणि ती हसत होती. मी फोन धरून उभा होतो.

पुढचं थोडक्यात. कारखानदारानं ती यंत्रं त्या वर्षी पाठवली नाहीत. नंतर त्यानं दोन्ही बाजूंना दांडे असलेलं, सुटी कणसं घालायचं लहान यंत्र करायला घेतलं, असं श्रुतीनं सांगितलं. मी ते पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एक गोष्ट मात्र मी वाचली आहे. त्या कंपनीच्या सूचनांच्या कागदावर आता तळाला एक ओळ असते: शेवटच्या प्रश्नानंतर मनात सातापर्यंत मोजा. त्याखाली कुणाचं नाव नाही. शोभाला ते तसंच बरं वाटतं.

तीन वर्षं तिचं काम चालू आहे. युगांडातल्या दुकानदारांना ती पाण्याच्या टाक्यांबद्दल विचारते, टांझानियातल्या शिंप्यांना दोऱ्याबद्दल. टांझानियासाठी तिनं स्वाहिलीतले आकडे आणि नमस्कार-चमत्कार पाठ केले. बाकी तिथं ती इंग्रजी जाणणाऱ्यांशीच बोलते आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांची नोंद वेगळी ठेवते, लपवत नाही. दिंद्रुडातल्या एका पत्र्याच्या खोलीतून या बाईनं किती गावांतल्या किती माणसांचं ऐकून घेतलं, याची मी एकदा बेरीज करायला घेतली होती. ती म्हणाली, राहू द्या. मी राहू दिली. माझ्या स्वभावाला हे सोपं नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

माझ्या कामातही एक फरक पडला आहे. प्रयोगाचा तुकडा कापून, तोलून झाला, शेतकऱ्याची सही झाली, की मी लगेच गाडीला किक मारत नाही. अजून काही सांगायचंय का, असं विचारतो आणि थांबतो. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नाही. ते मी वहीत लिहितो. कुणी सांगतं की बी बदललं होतं, कुणी सांगतं की पेरणीला आठ दिवस उशीर झाला कारण बायको दवाखान्यात होती. उतारा त्यानं बदलत नाही. तो का आला ते कळतं.

परवा सैल झालेली फीत पुन्हा ताणून झाली, तेव्हा शोभा खोलीत फोनवर होती. मी लिंबाखाली बसून राहिलो. तिचा शेवटचा प्रश्न ऐकू आला, मग ती गप्प झाली. फीत गुणगुणत होती. मी सवयीनं मोजलं. सहाला तिच्या पेनचा आवाज आला. फोन संपवून ती बाहेर आली, माझ्याशेजारी बसली. मी दोन कणसं आगटीतल्या निखाऱ्यांवर भाजून हातावर चोळली होती, तो हुरडा तिच्या ओंजळीत दिला. तिनं फुंकर मारून फोलपट उडवलं.

तीन वर्षं एक गोष्ट आमच्यात पडून होती. तिनं ती काढली नाही आणि मी काढायला भीत होतो. मी म्हणालो, "तुला मला आणखी काही सांगायचंय का?"

ती म्हणाली, "न्हाई. विशेष काही न्हाई."

मी गप्प राहिलो. एक. दोन. फीत थांबली, वारा पडला. तीन. चार. एक पाखरू आमच्या समोरच्या ज्वारीच्या ताटावर बसलं आणि ताट वाकलं. पाच.

"त्या दिवशी चुलीपाशी तुम्ही विचारलं," ती म्हणाली, "ते विचारायला नको हुतं."

"नको होतं," मी म्हणालो.

तिनं ओंजळीतला अर्धा हुरडा माझ्या हातावर ओतला. मग उठून तिनं तो जुना तेलाचा डबा शोधला, काठी घेतली आणि समोरच्या पाखराकडं पाहत एकदाच जोरात वाजवला.